पेटी ठीक आहे

झाकण उघडल्यावर मेणाचा वास आला. इतक्या वर्षांनी तो येईल असं मला वाटलं नव्हतं. जुनं मेण, गोवरीचा धूर आणि त्याच्याखाली कुठेतरी गुळाच्या रिकाम्या डब्यासारखं काहीतरी. नलावडे सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, लाकूड वास धरून ठेवतं. सरांना अशी वाक्यं टाकायची पहिल्यापासून सवय. आठवीत असताना आम्ही ती वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायचो आणि मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो.

सर या मे महिन्यात रिटायर होणार. प्रयोगशाळेची कपाटं आवरताना वरच्या फळीवर ही मधपेटी सापडली, म्हणून त्यांनी मला नाशिकला फोन केला. तुझी पेटी आहे, घेऊन जा, नाहीतर इथं कोणीतरी चुलीत घालील. माझी कशाची, शाळेची पेटी. पण मी दवाखान्याच्या लॅबमधून एका दिवसाची रजा टाकली आणि निघाले. नाशिकहून आळेफाट्यापर्यंत एक एसटी, तिथून डिंगोऱ्याच्या बाजूला दुसरी. आळेफाट्याला मी इकडेतिकडे न बघता गाडी बदलते. गेली कित्येक वर्षं तशीच बदलत आले आहे.

पेटीत पोळ्यांच्या लाकडी चौकटी होत्या. काळपट पडलेल्या, एकीला मेणकिड्याचं जाळं अजून चिकटलेलं. आणि चौकटींच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, 'मधपेटी निरीक्षण वही'. आतलं अक्षर माझं. सरांनी पंख्याखालची खुर्ची पुढे केली आणि मी ती वही उघडून बसले.

आमची शाळा ओतूर-माळशेज रस्त्याच्या आत, डिंगोऱ्याच्या शिवारात. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. मुलं मेथीच्या वाफ्याला पाणी घालायची, मुली रुमालावर टाके घालायच्या. त्या वर्षी सरांनी महाबळेश्वरला जाऊन मधमाश्यांचं शिक्षण घेतलं आणि येताना एक पेटी मिळवली. कोणाला भीती वाटत नाही, असं त्यांनी वर्गात विचारलं. मी हात वर केला. मी धीट होते असं अजिबात नाही, मला रुमाल आवडत नव्हते. त्या दिवसापासून वर्गातली पोरं मला 'राणीसाहेब' म्हणायला लागली.

पेटीचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत ठेवलेले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. त्या वाट्या भरणं हे माझं पहिलं काम. दुसरं काम धुराचं, माश्या शांत राहाव्यात म्हणून. गोवरीचा तुकडा आणि जुन्या पोत्याची चिंधी धुराड्याच्या डब्यात पेटवायची, हळूच दोन फुंका मारायच्या. लेण्याद्रीच्या कपारीत लटकतात त्या आग्या माश्या वेगळ्या, त्या माणसाला पळवून पळवून मारतात. आमच्या सातेरी. लहान, गरीब स्वभावाच्या, अंधारात एकामागं एक पोळी बांधणाऱ्या. झाकण काढलं की त्या एकदम 'हूं' करायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

मग वही. तारीख, हवा, किती चौकटी भरल्या, राणी दिसली की नाही, शेरा. सरांचा नियम एकच होता. डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, मनाला वाटलं ते लिहायचं नाही. मी तो नियम फार चांगला पाळला. अजूनही पाळते, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुली म्हणतात.

पावसाळ्यात माश्यांना साखरपाणी. वाटीत काड्या टाकायच्या, नाहीतर बिचाऱ्या बुडतात. दिवाळीच्या आगेमागे कारळं पिवळं व्हायचं आणि माश्या पायांना पिवळे गोळे लावून परत यायच्या. माघात शाळेच्या मागच्या रानात कांद्याचे डेंगळे फुलायचे. पांढरे गोंडे, हातभर उंच, वाऱ्यावर एकमेकांना लागणारे. त्या वर्षीचा पहिला मध सरांनी सगळ्या वर्गाला बोटावर दिला, तर त्याला कांद्याचा वास. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. सर म्हणाले, थांबा, वास उडून जातो. आठ दिवसांनी खरंच उडून गेला.

त्याच हिवाळ्यात घरी आईनं मला भाकरी शिकवायला घेतली. संध्याकाळी चुलीपुढं ती परात ओढायची आणि मला शेजारी बसवायची. आधणाचं पाणी, बाजरीचं पीठ, तळहाताच्या खालच्या भागानं मळायचं. थापायची तिची एक लय होती. दोनदा पटपट, थोडी थांबून एकदा. दोन आणि एक, दोन आणि एक. माझ्या भाकरीच्या कडा फाटायच्या. मी हात उचलला की आई ओल्या बोटानं त्या सांधायची आणि भाकरी माझ्याच हातानं तव्यात टाकायला लावायची. मग अण्णांना सांगायची, आज पोरीनं केली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते मान खाली घालून जेवायला लागायचे. त्या घरात त्या वर्षी कोणी फारसं बोलतच नव्हतं. का, ते मी इथं लिहिणार नाही. मला ते पूर्ण ठाऊकही नाही.

आई सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची आणि उरेल ते खायची. पुष्कळदा काही उरत नसे. हे मला दिसत होतं.

माघातल्या एका शनिवारी सरांनी झुंड शिकवली. फळ्यावर पेटी काढली, पेटीतून निघणारा बाण काढला. घर भरलं, मध आला, पिलं वाढली, की कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं बांधतात. भुईमुगाच्या शेंगेएवढी, तोंड खाली करून लोंबणारी. त्यात नवी राणी वाढते. आणि ती बाहेर यायच्या आत जुनी राणी निम्म्या माश्या बरोबर घेऊन निघून जाते. भरलेलं घर, मध, पिलं, सगळं लेकीला ठेवून. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, म्हातारीच का जाते, पोरीनं जावं की सासरी. वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, झुंड जाऊ द्यायची नसेल तर राणीघरं खुडायची. पण खुडण्याआधी जुनी राणी घरात आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. मी पहिलं वाक्य वहीत लिहिलं. दुसरं लिहिलेलं नाही, हे आज वही उघडल्यावर दिसलं.

त्या शनिवारच्या पानावर शेरा असा आहे: 'राणी दिसली. बारीक दिसते. पोट आखडले आहे.'

महाशिवरात्रीची सुट्टी गुरुवारी आली. शुक्रवारपासून सर बोर्डाच्या परीक्षेच्या कामाला जुन्नरला गेले, पेटीवर लक्ष ठेव म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊन. रविवारी आमच्या घरी बैठक बसली. आईला माहेरी पाठवायचं की नाही, याची. राजुरीहून मामा आला होता. आमच्याकडून अण्णा, थोरले चुलते तात्या आणि भावकीतले दोघं. आई आतल्या दाराला टेकून उभी होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन आतबाहेर करत होते आणि मला त्या गर्दीत महत्त्व आल्यासारखं वाटत होतं.

बरंच बोलणं झालं. शेवटी मामानं विचारलं, की बहिणीला मी आज घेऊन जातो, पण पोरांचं काय? दोन बारकी आहेत. त्यांना भाकरी कोण करून घालणार? अण्णा जमिनीकडे बघत होते. तात्या मिशीवरून हात फिरवत होते. तो प्रश्न मामानं मुद्दाम तिथं ठेवला होता, त्याच्यापुढं बैठक जाऊ नये म्हणून, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तेव्हा मला एवढंच समजलं, की याचं उत्तर मला येतं.

मी म्हणाले, "मला येती भाकरी."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "झालं मंग," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय."

त्या दिवसातलं मला एवढंच वाटलेलं आठवतं, की आपलं कौतुक झालं. आई दाराशी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, पदर नीट केला आणि आत गेली.

सोमवारी सकाळी ती मामाबरोबर एसटीनं गेली. जाण्याआधी तिनं पिठाचा डबा गच्च भरून ठेवला, कारळ्याची चटणी कुटली, धाकट्याच्या शर्टाचं बटण लावलं. एसटी वळणाआड गेली तेव्हा मी रडले नाही. संध्याकाळी परात ओढली. भाकरीच्या कडा फाटल्या, पाचही भाकऱ्यांच्या. अण्णांनी त्या मुकाट खाल्ल्या. धाकट्यांनी दुधात कुस्करून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी किल्ली लावून धुराडं काढलं, पेटवलं आणि एकटीनं पेटी उघडली. माश्या कमी वाटल्या. रानात गेल्या असतील, डेंगळे फुललेत, असं मी धरलं. तिसऱ्या चौकटीच्या खालच्या कडेला राणीघरं होती. सात. दोन घरांच्या टोकाचं मेण कुरतडून निघालेलं, आतला तपकिरी कोष उघडा पडलेला. नवी राणी एकदोन दिवसांत बाहेर पडणार याची ती खूण. मला ती खूण ठाऊक नव्हती. मला फक्त फळ्यावरचा बाण ठाऊक होता.

पेन्सिलला टोक करायचं ब्लेड माझ्या कंपासपेटीत असायचं. मी सातही राणीघरं खुडली. आतून पांढरं, दुधासारखं काहीतरी बोटाला लागलं. एका राणीचे पाय हलत होते. ही राणी जाऊ नये एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते कधी नव्हे इतकं पाहिजे होतं. एक माशी मनगटाला चावली. काटा नखानं खरडून काढला. हात सुजला आणि रात्रीपर्यंत बधिर झाला. त्या बधिर हातानं भाकरी थापणं उलट सोपं गेलं.

वहीत मी लिहिलं: 'राणीघरे नाहीत. पेटी ठीक आहे.'

सर पुढच्या सोमवारी आले. झाकणाला कान लावून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. आम्हाला जवळ बोलावून ऐकायला लावलं. नेहमीचा 'हूं' नव्हता. लांब, न थांबणारा, घरात कोणी आजारी असल्यासारखा आवाज होता. सर म्हणाले, राणी नाही यांच्यात. तेवढ्यात शाळेसमोर पंक्चरचं दुकान असलेले रशीदचाचा हात पुसत आले. कोणी विचारलंच नाही म्हणून त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं.

"माश्या तर शिवरात्रीलाच गेल्या की, सर," ते म्हणाले. "या चिंचेवर बसल्या व्हत्या घटकाभर. मी माती उधळली, पाणी मारलं, खाली बसाव्यात म्हणून. न्हाई बसल्या. डोंगराकडं गेल्या."

म्हणजे मी ब्लेड घेतलं त्याच्या सहा दिवस आधीच राणी गेली होती. मागं राहिलेल्यांचा सगळा भरवसा त्या सात शेंगांवर होता.

सरांनी एकेक चौकट उन्हात धरली. राणीघरांची जागा त्यांना दिसली असेल का, मला माहीत नाही. मी वाट्यांत पाणी भरत होते, पुन्हा पुन्हा, भरलेल्या वाट्यांत. नवी राणी करायला लागतात तशी कोवळी पिलं आता पेटीत नव्हती. सरांनी दुसरीकडून राणी आणायचा प्रयत्न केला, मिळाली नाही. राणीविना कामकऱ्यांनीच अंडी घातली आणि चैत्रापर्यंत पेटीत नुसते नर, काहीच काम न करणारे, निपजायला लागले. कामकऱ्या एकेक करून रानात गेल्या आणि आल्या नाहीत. आवाज बारीक होत गेला. जूनला शाळा उघडली तेव्हा पोळ्यांवर जाळी होती आणि वाट्या कोरड्या. सरांनी वर्गापुढं उभं राहून सांगितलं, की चूक माझी, ऐन हंगामात मी पेटी सोडून गेलो. मी पहिल्या बाकावर बसले होते. मी कंपासपेटीचं झाकण लावलं. पुढं शाळेत कधी पेटी आली नाही.

आई राजुरीला चार महिने राहिली. मग ती आळेफाट्याला एका हॉटेलात भाकऱ्या थापायला लागली, असं बाजारातून आलेल्या कोणीतरी सांगितलं. अण्णा 'बरं' म्हणाले. दिवाळीला तिच्याकडून आम्हा तिघांना कपडे यायचे, मामाच्या हातून. माझा फ्रॉक दरवर्षी एक बोट आखूड असायचा. मी केवढी वाढले हे तिला अंदाजानं ठरवावं लागत होतं. भावांना ती दोनतीनदा येऊन भेटली. तेव्हा मी कुठंतरी कामात असायचे. मुद्दाम असायचे.

पुढं मी नाशिकला लॅबच्या कोर्सला गेले. दुसऱ्या वर्षाला मैत्रिणींबरोबर गावाकडून परत जाताना गाडी आळेफाट्याला थांबली आणि सगळ्या जेवायला एका हॉटेलात शिरल्या. कोणतं हॉटेल ते मला ठाऊक नव्हतं. बाहेर ट्रकांचे हॉर्न, गॅरेजमधला हातोडा, आत टीव्हीवर हिंदी मालिका. त्या सगळ्या गोंगाटात पत्र्याच्या आडोशामागून आवाज आला. दोनदा पटपट, थोडं थांबून एकदा. दोन आणि एक. माझ्या ताटात भाकरी आली. गोल, कुठंही न फाटलेली. मी ती खाल्ली. दुसरी मागितली, तीही खाल्ली. मैत्रिणी म्हणाल्या, काय गं, उपाशी होतीस का. मग आम्ही हात धुतले आणि गाडीत जाऊन बसलो. मला काही वाटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण नियम तोच आहे, जे नव्हतं ते लिहायचं नाही.

"सर," मी म्हणाले, "ती राणीघरं मी खुडली होती." वही माझ्या मांडीवर होती. बारा-तेरा वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप असं पंख्याखाली बसून, चहाची वाट बघताना उघडलं.

सर रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, पोरं चुकणारच, म्हणून तर शाळा. मग चष्मा लावून त्यांनी वही ओढून घेतली आणि मागची पानं चाळली. त्या शनिवारच्या शेऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. 'बारीक दिसते.'

"हे बघ, तू बरोबर बघितलं व्हतंस," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळायला पायजे व्हतं. राणी आपण होऊन जात नसती. कामकऱ्या तिचं खाणं कमी करतात. तिला बसू देत न्हाईत, सारखं हलवतात. ती वाळून हलकी झाली की मग तिला उडता येतं. जायचं तिनं ठरवलेलं नसतं, घरानं ठरवलेलं असतं."

माश्यांचं माणसांना लावू नये, हेही सरांचंच वाक्य. मी चहा घेतला, त्यांच्या पाया पडले, पेटीला सुतळी बांधली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले.

एसटीत पेटी मांडीवर होती. आळेफाट्याला उतरले तेव्हा समोर नाशिकची गाडी लागलेली होती. कंडक्टर दाराशी उभा राहून ओरडत होता. मी तिच्याकडं न जाता त्याच हॉटेलाच्या गल्ल्यावर जाऊन आईचं विचारलं. तिथला माणूस म्हणाला, मावशी दोन वर्षं झाली कामाला येत नाहीत, हात धरलेत त्यांचे, मागच्या चाळीत तिसरी खोली.

दार उघडंच होतं. आई स्टोव्हपुढं बसली होती. केस पांढरे झालेले, मनगटं काडीसारखी. तिनं मला लगेच ओळखलं आणि ओळखल्याचं काही दाखवलं नाही. पेटीकडं बोट केलं.

"हे काय आणलंस?"

"शाळेतली मधाची पेटी."

"माश्या हायत का?"

"न्हाई."

"मंग ठेव खाली. उभी का?"

परातीत पीठ मळलेलं होतं. बोटं वळत नव्हती म्हणून ते नीट एकजीव झालं नव्हतं. मी परात ओढली, पीठ पुन्हा मळलं, थापायला लागले. आई माझ्या हाताकडं बघत होती. दोन आणि एक. मला ती लय आली आहे हे तिथं बसल्यावर माझ्या लक्षात आलं. कडा फाटली नाही. भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि पाठ तिच्याकडंच ठेवून म्हणाले, "आई, तवा मला भाकरी येत नव्हती."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "कडा मीच सांधत व्हते."

"मंग बोलली का न्हाईस?"

स्टोव्हचा आवाज येत होता. बाहेर नाशिकची गाडी सुटली.

"तू म्हणालीस, येती," आई म्हणाली. "चारचौघात लेकीला खोटं पाडायचं व्हय?"

भाकरी फुगली. मी ती उलथून तिच्या ताटात घातली आणि दुसरा गोळा घेतला. तिनं घास मोडला. मला दिसेना, तरी हात चालत होते. आई 'पुरे' म्हणेपर्यंत मी भाकऱ्या थापत राहिले.